पाय न टेकता

मालदीवचं रिसॉर्ट ठरवताना आपल्याकडची मंडळी व्हिलाचे फोटो पाहतात, नाश्ता-जेवण धरून भाव किती ते विचारतात, मालेहून पुढे स्पीडबोटीनं जायचं की सीप्लेननं याची चौकशी करतात. रीफची कड किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. पाण्यात तोंड घालून पाहायची हौस असलेल्या माणसासाठी मात्र तोच पहिला प्रश्न आहे. काही बेटांवर ही कड वाळूपासून तीस-चाळीस मीटरवर असते. न्याहारी आटोपून टॉवेल खांद्यावर टाकून निघालं की पाच मिनिटांत तुम्ही माशांमध्ये असता. काही बेटांभोवती चारपाचशे मीटरपर्यंत कमरेएवढं पाणी आणि तळाला नुसती पांढरी वाळू. फोटोत हे दुसरं बेट जास्त देखणं दिसतं, कारण फिकट निळं पाणी म्हणजे खाली वाळू आणि गडद पट्टा म्हणजे खाली प्रवाळ. जाहिरातीत फिकट निळा रंग खपतो. मासे गडद पट्ट्यात राहतात.

बेटाला लागून असलेल्या या रीफला रिसॉर्टवाले ‘हाउस रीफ’ म्हणतात. तिथं जायला बोट लागत नाही, पाठीवर हवेची टाकी लागत नाही, डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागत नाही. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी म्हणजे स्नॉर्केल, पायांत फिन्स, एवढ्यावर भागतं. याशिवाय जी एक गोष्ट लागते ती भाड्यानं मिळत नाही: पाण्यावर निवांत तरंगत राहता येणं. या प्रकरणात मी जे सांगणार आहे त्याचा बराचसा भाग फिरून याच गोष्टीपाशी येतो. ज्याला तरंगता येत नाही तो दचकला की पाय टेकतो, आणि रीफवर जिथं पाय टेकतो तिथं बहुधा काहीतरी जिवंत असतं.

आधी ही बेटं काय आहेत ते पाहू. मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या 26 अ‍ॅटॉलांची रांग. अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं, मधे उथळ लगून, आणि कड्यावर किंवा आत विखुरलेली लहान लहान बेटं. बेटांची एकूण संख्या 1,192 धरतात. त्यांपैकी दीडशेहून जास्त बेटांवर रिसॉर्ट आहेत. सगळी जमीन एकत्र केली तर जेमतेम तीनशे चौरस किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची दीड मीटर. इथं डोंगर नाही, नदी नाही. त्यामुळे किनाऱ्यावरची वाळू डोंगर झिजून नदीनं आणलेली असूच शकत नाही. तिचा कण न् कण समुद्रातल्या जिवांनी तयार केलेला आहे.

बेटांचा पाया मात्र आपल्या ओळखीचा आहे. आज जिथं रियुनियन बेट आहे तिथल्या तप्तस्थानावरून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत होता. तेव्हा उसळलेल्या लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार झालं, सह्याद्रीचा काळा कातळ झाला. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्या मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उठत गेली: लक्षद्वीपचा कणा, मग मालदीवचा, मग चागोसचा. 1987 साली शास्त्रीय मोहिमेनं समुद्रतळात छिद्रं पाडून नमुने काढले, त्यात मालदीवच्या कण्यातला बेसाल्ट सुमारे 5.7 कोटी वर्षांचा निघाला. रायगडाचा कातळ आणि मालदीवच्या पोटातला कातळ यांचा उगम एक. फरक इतकाच, की मालदीवच्या कातळावर दोन किलोमीटरच्या आसपास जाडीची चुनखडी चढली आहे, आणि ती सगळी सागरी जिवांची करणी आहे.

चुनखडी इतकी जाड कशी झाली, याचा उलगडा चार्ल्स डार्विननं 1842 सालच्या आपल्या पुस्तकात केला. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं. त्याच्या कडेनं वाढणाऱ्या प्रवाळाला उजेड हवा असतो, म्हणून ते वर वर बांधत राहतं. कालांतरानं मधलं बेट बुडून जातं आणि प्रवाळाचं कडं उरतं. डार्विन स्वतः मालदीवला गेला नव्हता. त्याच्यापुढे होते कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी यांनी 1834 ते 1836 या काळात केलेल्या सर्वेक्षणाचे नकाशे, आणि मोर्सबी हे मुंबईहून कारभार चालणाऱ्या तेव्हाच्या इंडियन नेव्हीचे अधिकारी. पुढं 1952 साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक अ‍ॅटॉलवर खोल छिद्र पाडलं तेव्हा बाराशे ते चौदाशे मीटर चुनखडीखाली बेसाल्ट लागला आणि खचण्याची कल्पना पक्की झाली. मालदीवच्या आजच्या आकारात हिमयुगांमध्ये खालीवर झालेल्या समुद्रपातळीचाही मोठा वाटा आहे, पण तो विषय इथं वाढवत नाही.

प्रवाळाला उजेड का हवा, हे मात्र समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, तोंडाभोवती स्पर्शिका असलेला. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा भाग, कित्येकदा नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा, यजमानाला देतं. प्रवाळाचे तपकिरी, हिरवट रंग बरेचसे या शैवालाचेच. उजेड जिथं भरपूर तिथं हा व्यवहार तेजीत, म्हणून रीफचा सगळ्यात गजबजलेला भाग पृष्ठभागापासून पहिल्या काही मीटरांतच असतो. खोल बुडी मारणाऱ्याला शार्क आणि मांटा जास्त दिसतील, पण प्रवाळाची बाग पाहायची तर वरून तरंगणाऱ्याची जागाच उत्तम. स्नॉर्केलिंग म्हणजे डायव्हिंगची धाकटी पायरी, हा समज मला म्हणूनच पटत नाही.

किनाऱ्यावरून निघालात की आधी लगून लागतं. वाळूचा तळ, गुडघ्यापासून छातीपर्यंत पाणी. इथं काही नाही असं वाटतं, तरी थांबून पाहावं. काळ्या टोकाच्या पंखांची लहानगी मुशी, म्हणजे ब्लॅकटिप शार्कची हातभर लांबीची पिल्लं, घोटाभर पाण्यात फिरताना दिसतात. मोठ्या भक्षकांपासून दूर राहायला त्यांना ही उथळ जागा सोयीची. मालदीवनं 2010 साली शार्कच्या मासेमारीवर संपूर्ण बंदी घातली आणि त्याचं फळ आज रिसॉर्टच्या जेटीखाली कुणालाही दिसतं. वाळूत अर्धवट पुरून घेतलेली पाकट असते, म्हणून लगूनमधून चालताना पाय उचलून टाकू नये, तळाशी घासत न्यावा. चाहूल लागली की पाकट आपणहून निघून जाते.

लगून संपलं की रीफचा माथा येतो, आणि इथंच गफलत होते. ओहोटीला या माथ्यावर फूट-दीड फूटच पाणी उरतं. पोटाखाली प्रवाळ, वर लाट, मागं फिरायला जागा नाही. म्हणून जाणती रिसॉर्ट या माथ्यातून ये-जा करायच्या वाटा आखून देतात. खांब रोवलेले असतात किंवा तरंगते गोळे बांधलेले असतात, आणि स्वागतकक्षात मिळणाऱ्या नकाशावर त्यांना क्रमांक दिलेले असतात. त्या वाटेनंच जावं, त्याच वाटेनं किंवा पुढच्या वाटेनं परतावं. मालदीवात भरती-ओहोटीतला फरक आपल्या कोकणापेक्षा बराच कमी, उधाणालाही एखाद्या मीटरच्या आसपास. पण माथ्यावर पाणीच दोन फूट असताना तेवढा फरक पुष्कळ होतो. भरतीच्या आगेमागेचे तास निवडावेत. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाण्याची ओढही कमी असते.

माथा ओलांडला की तळ अचानक खाली जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या छातीत इथं धस्स होतं. पायाखाली दोन मीटर होते ते दहा-पंधरा होतात आणि पलीकडे नुसता निळा रंग. मास्कच्या काचेतून सगळं खऱ्यापेक्षा सुमारे पाव अंतरानं जवळ आणि तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं, कारण प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. त्यामुळे लांबचा शार्कही अंगावर आल्यासारखा वाटतो. लाल रंग पाण्यात पहिल्या पाच-सात मीटरांतच विरतो, म्हणून खोलवरचं सगळं निळसर-करडं आणि वरच्या थरातलं रंगीत. या कडेला समांतर, वरच्या दोन-तीन मीटरांवर नजर ठेवून, सावकाश तरंगत जायचं. पाहण्यासारखं बहुतेक सगळं याच पट्ट्यात असतं.

कान पाण्याखाली गेले की एक अखंड तडतड ऐकू येते. ती कोळंबीच्या एका जातीची. तिचा एक नांगा इतक्या वेगानं मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. त्या तडतडीत मधूनच करकर अशी कोरडी चावण्याची चाहूल येते. ती आली की पोहणं थांबवून शोधावं, कारण ज्या वाळूवर तुम्ही टॉवेल पसरला होता ती तयार करणारा कारागीर जवळच असतो.

तो म्हणजे पॅरटफिश, आपण त्याला पोपटमासा म्हणू. हिरवा-निळा-गुलाबी, हातभर लांबीचा, पुढचे दात जुळून चोच झालेली. तो एका जागी स्थिर होतो, डोकं तिरकं करतो, आणि खडकावर तोंड मारतो. खडकावर नखानं ओरखडावं तशी पांढरी खूण उरते. त्याला हवं असतं शैवाल आणि खडकाच्या वरच्या थरात शिरलेले सूक्ष्मजीव, पण त्यापायी चुनखडीही पोटात जाते. घशातल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात ती दळली जाते. थोडा वेळ त्याच्या मागं राहिलात तर शेपटाकडून पांढरा धुरळा सुटताना दिसेल. तीच ती वाळू. मालदीवच्या वक्कारू बेटावर क्रिस पेरी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तिथल्या रीफवर नव्यानं तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांकडून येते असं त्यात आढळलं. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो चुनखडी दळतो. शैवाल चरून खडक स्वच्छ ठेवतो, म्हणून प्रवाळाच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते, हे आणखी वेगळं. एखाद्या बेटाच्या जेवणाच्या ताटात पोपटमासा आला तर नको म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही वाळूही एका जागी राहत नाही. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत ती बेटाच्या एका अंगाला साचते, नैऋत्येचा वारा सुरू झाला की दुसऱ्या अंगाला वळते. त्यामुळे जानेवारीत रुंद किनारा असलेल्या व्हिलापुढे जुलैत पाणी पायरीला लागू शकतं. हे बेटाचं श्वास घेणं आहे. रिसॉर्ट भिंती घालून, पंपानं वाळू ओतून ते थांबवू पाहतात तेव्हा उडालेला गाळ जवळच्या प्रवाळावर बसतो, उजेड अडतो, आणि पुढच्या वाळूचा कारखानाच मंदावतो.

रीफवर पाहण्यासारखी दुसरी जागा म्हणजे सफाईचं ठिकाण. एखाद्या ठळक प्रवाळाच्या गड्डीपाशी मोठे मासे अंग तिरकं करून, तोंड उघडून थबकलेले दिसले की जवळच बोटाएवढा, निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला क्लीनर रास असतो. तो गिऱ्हाइकाच्या कल्ल्यांत, तोंडात शिरून परजीवी वेचून खातो. एरवी त्याला सहज गिळू शकणारे मासे इथं निमूट उभे असतात. हान्स हास यांच्या ‘झारिफा’ जहाजावरून 1957-58 मध्ये मालदीवला आलेले आयरेनॉइस आयबल-आयबेसफेल्ट यांनी या सफाईदारांचा अभ्यास केला होता. याच वेषात वावरणारा एक ठगही असतो. रंग तोच, पट्टा तोच, पोहण्याची लकब तीच. गिऱ्हाईक स्थिर झालं की तो पंखाचा लचका तोडून पसार होतो. ओळखायची खूण तोंड: खऱ्या सफाईदाराचं तोंड पुढच्या टोकाला, ठगाचं खालच्या बाजूला. हे पाहायला एकाच जागी दहा मिनिटं तरंगावं लागतं. हातपाय मारणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, कारण त्याच्या खळबळीनं दुकान बंद होतं.

क्लाउनफिशचंही तसंच. मालदीव, लक्षद्वीप आणि श्रीलंकेच्या परिसरातच आढळणारी काळ्या पोटाची जात इथल्या समुद्रपुष्पांत राहते. कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्याखालोखाल तिचा नर, बाकीची लहान मंडळी रांगेत. मादी मेली की नराचंच मादीत रूपांतर होतं आणि रांग एक पायरी पुढं सरकते. तुम्ही वर स्थिर राहिलात तर दडलेले मासे पुन्हा बाहेर येतात, आणि एखादा तर थेट तुमच्या मास्कवर चाल करून येतो. त्या वीतभर नसलेल्या जिवाची हिंमत पाहून प्रत्येक वेळी मन भरून येतं.

आता तरंगण्याविषयी. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड, आणि फुप्फुसं भरलेली असली की बहुतेक माणसं त्यात बुडत नाहीत. बुडवते ती घाई. एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातली दीडशे मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतच अडकते. स्नॉर्केलच्या नळीत आणखी साधारण तेवढीच वापरलेली हवा असते. म्हणजे घाबरून घेतलेल्या उथळ श्वासात फुप्फुसाला ताजी हवा मिळते जेमतेम दोनशे मिलिलिटर. तोच श्वास सावकाश, एक लिटरचा घेतला तर सातशे मिळते. उथळ श्वास घेणाऱ्याला धाप लागते, धापेनं श्वास आणखी उथळ होतो, आणि मग माणूस मास्क ओरबाडून काढतो. नळी लांब केली तर खोल जाता येईल, हा विचार अनेकांच्या मनात येतो. तेही चालत नाही. मीटरभर खाली पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की वरची साधी हवा आत ओढणं स्नायूंना झेपत नाही. म्हणून नळ्या पस्तीस-चाळीस सेंटिमीटरांच्या आतच असतात.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकानं हलकी हवा ओढावी. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतं, तिथं थोडं व्हॅसलिन लावलं की पुष्कळ फरक पडतो. चष्मा असलेल्यांनी नंबराचा मास्क आधी मागवून ठेवावा, बऱ्याच डाइव्ह सेंटरवर तो मिळतो. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी फिरवून विसळायची जुनी रीत अजूनही सगळ्यात खात्रीची. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सोपे वाटतात, पण आतली वापरलेली हवा नीट बाहेर पडली नाही तर तीच पुन्हा घेतली जाते आणि अडचणीत ते चटकन काढता येत नाहीत. मी ते सुचवणार नाही.

तारकर्ली-मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग केलेले पुष्कळ मराठी पर्यटक मालदीवला जातात आणि आपल्याला हे येतं असं धरून चालतात. मालवणला तुमच्या अंगात जॅकेट असतं, हाताशी रिंग असते आणि एक स्थानिक तरुण तुम्हाला धरून फिरवत असतो. मालदीवच्या हाउस रीफवर तुम्ही आणि तुमचा जोडीदार, एवढेच. पोहता येत नसेल तर इथंही लाइफ जॅकेट घालावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि जॅकेट घातलेला माणूस पाय टेकत नाही हा रीफचाही फायदा.

धोके कोणते, याविषयी लोकांच्या मनातला क्रम उलटा असतो. शार्क पहिला येतो. खरं तर पहिला धोका स्वतःच्या हृदयाचा आणि श्वासाचा. पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रवाहात पोहू नये. लांबच्या विमानप्रवासातून उतरल्या उतरल्या तर नाहीच नाही. दुसरा धोका प्रवाहाचा. अ‍ॅटॉलमधलं पाणी भरती-ओहोटीबरोबर कड्यातल्या खिंडींतून आतबाहेर करतं, आणि बेटाच्या टोकांपाशी त्याचा वेग कोणत्याही पोहणाऱ्याला भारी पडतो. पाण्यात उतरलं की दोन मिनिटं काही न करता तरंगावं आणि आपण कुठल्या बाजूला सरकतो ते पाहावं. निघताना प्रवाहाविरुद्ध, परतताना प्रवाहाबरोबर. तिसरा धोका बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेण्याचा. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच मिळत नाही, आणि पाण्याखाली माणसाची शुद्ध हरपते. धडधाकट तरुण याला बळी पडतात.

मग मासे. टायटन ट्रिगरफिशची मादी वाळूत खळगा करून अंडी घालते आणि त्या खळग्यावरचा, वर रुंद होत जाणारा सगळा पाण्याचा भाग आपला मानते. ती अंगावर आली तर वर न जाता आडवं दूर व्हावं, वर गेलात तर तिच्याच हद्दीत राहता. तिचा चावा चांगलाच लागतो. स्टोनफिश दगडासारखा पडून असतो, पाय टेकला तर पाठीचे विषारी काटे आत जातात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणं हा पहिला उपचार, मग तातडीनं डॉक्टर. सी-अर्चिनचे काटे, प्रवाळानं कापलेल्या आणि हमखास चिघळणाऱ्या जखमा, या सगळ्यांचं मूळ एकच: पाय टेकणं. पाठ भाजते ती उन्हानं. त्यावर लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हा सनस्क्रीनपेक्षा चांगला उपाय. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईनं 2021 पासून बंदी घातली आहे, ती प्रवाळाच्याच काळजीनं.

मालदीवचं पर्यटन सुरू झालं 1972 साली. जॉर्ज कॉर्बिन हे इटालियन व्यावसायिक त्या वर्षी पाहुण्यांचा एक गट घेऊन मालेला आले आणि ऑक्टोबरात कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट तीस खोल्यांनिशी उघडलं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर झावळ्यांचं. त्या वेळच्या पाहुण्यांना जी रीफ दिसली ती आज नाही. 1998 साली एल निनोच्या तापलेल्या पाण्यात मालदीवच्या उथळ भागातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रवाळ मेलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपासमारीनं मरतं. सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. रीफ कशीबशी सावरत होती तेव्हा 2016 उजाडलं आणि साठ टक्क्यांच्या वर प्रवाळ पुन्हा पांढरं पडलं. एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली, त्यातूनही मालदीव सुटलं नाही.

म्हणून आज हाउस रीफवर गेल्यावर काही जागी राखाडी चुरा दिसेल आणि शेजारीच फांद्यांचं नवं प्रवाळ. त्या चुऱ्याकडे पाहून नाराज होऊन लोक परत येतात, ते मला पटत नाही. फांद्यांचं प्रवाळ अनुकूल पाण्यात वर्षाला दहा सेंटिमीटर आणि जास्तही वाढतं. गोलाकार, मेंदूसारख्या जाती जेमतेम एखादा सेंटिमीटर. माणसाच्या डोक्याएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या घरातल्या शाळकरी मुलापेक्षा वयानं मोठा आहे. फिनच्या एका फटक्यानं दहा वर्षांची फांदी मोडते. समुद्र तापणं तुमच्या-माझ्या हातात तिथल्या तिथं नाही. फिन मात्र आपल्याच पायात असतं. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून आणू नये. भारतात दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं.

जायचं ठरलं असेल तर तिकिटाआधी एक काम करा. मास्क आणि स्नॉर्केल विकत घ्या आणि गावातल्या तरणतलावावर जा. तोंड पाण्यात, हात अंगालगत, पाय सैल सोडून, सावकाश श्वास घेत एका जागी पाच मिनिटं तरंगा. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकून ते बाहेर काढायला शिका. मास्क भरला तर उभं न राहता रिकामा करायला शिका. मुलांनाही शिकवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. एवढं जमलं की मालदीव असो, लक्षद्वीपमधलं बंगाराम असो की कदमत, कुठल्याही रीफवर जा. जमत नसेल तर पहिले दोन दिवस वाळूच्या लगूनमध्ये काढा आणि तोवर रीफच्या माथ्यावर जाऊ नका.